पालाशाचे घड्याळ

शेतीच्या खतांविषयी बोलणे निघाले की नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे एका दमात घेतली जातात. त्यांतील पालाश म्हणजेच रसायनशास्त्रातील पोटॅशियम. ते आपल्या शेतात आहे, केळ्यात आहे, शहाळ्याच्या पाण्यात आहे, चुलीच्या राखेत आहे आणि ह्या मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या स्नायूंत आहे. इतक्या ओळखीच्या पदार्थाविषयी तासभर काय सांगावयाचे, असे कोणास वाटेल. सांगावयाचे आहे ते असे : ह्या पालाशात फार थोड्या प्रमाणात एक निराळा अणू मिसळलेला आहे, तो अतिशय सावकाश फुटत असतो, आणि त्याच्या फुटण्याचा हिशेब ठेवता आला म्हणून सह्याद्रीच्या कातळाचे वय आज आपल्याला ठाऊक आहे. हा हिशेब कसा ठेवतात, तो कोठे चुकतो आणि चुकला हे कसे ओळखतात, एवढाच आजचा विषय.

पोटॅशियम हे नावच मुळी राखेतून निघाले आहे. लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी गाळावयाचे आणि भांड्यात आटवावयाचे, म्हणजे तळाशी जो खार उरतो त्याला इंग्रजीत पोटॅश, म्हणजे भांड्यातली राख, म्हणत. आपल्याकडे राखेने भांडी घासत ती ह्याच खाराच्या जोरावर. वनस्पतींच्या राखेसाठी अरबी भाषेत ‘अल-कली’ हा शब्द होता. त्यावरून लॅटिनमध्ये ‘कॅलियम’ झाले आणि त्याचे आद्याक्षर आजही रसायनशास्त्रज्ञ ह्या मूलद्रव्याची खूण म्हणून लिहितात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही ह्याने १८०७ साली वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा चांदीसारखे चकचकीत थेंब बाहेर पडून पेट घेऊ लागले. तेच पहिले शुद्ध पोटॅशियम. हा डेव्ही जसा संशोधक होता तसाच जाहीर व्याख्यानांचा मोठा वक्ता होता. त्याची व्याख्याने १८१२ साली पुस्तकबांधणीच्या दुकानातला एक उमेदवार पोरगा ऐकावयास जाई, त्याचे नाव मायकेल फॅरेडे. व्याख्यानमालांनी काय होते असे विचारणारांस मी हे एवढेच उत्तर देत असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. अणूच्या पोटात एक अतिशय लहान, जड असे केंद्र असते. त्यात दोन प्रकारचे कण : प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन किती आहेत ह्यावर ते मूलद्रव्य कोणते हे ठरते. १९ प्रोटॉन असले की ते पोटॅशियमच. १८ असले तर आर्गॉन वायू, २० असले तर कॅल्शियम, म्हणजे चुन्यातला मुख्य घटक. न्यूट्रॉनांची संख्या मात्र थोडी कमीजास्त होऊ शकते. ती बदलली तर अणूचे वजन बदलते, पण त्याची रासायनिक वागणूक जवळजवळ तीच राहते. अशा एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिक म्हणतात, कारण मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्यांचे स्थान एकच.

निसर्गातल्या पोटॅशियमचे असे तीन समस्थानिक आहेत. शंभर अणूंतले सुमारे ९३ अणू ३९ वजनाचे. उरलेले जवळजवळ सगळे, पावणेसात टक्के, ४१ वजनाचे. हे दोघेही स्थिर. ते जसे आहेत तसे अनंतकाळ राहतील. आणि तिसरा ४० वजनाचा : त्याचे प्रमाण ०.०११७ टक्के, म्हणजे साडेआठ हजार अणूंत एक. आपले सगळे प्रकरण ह्या एकाभोवती फिरते. तो अस्थिर आहे. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे आहे, म्हणजे आज असे शंभर अणू असतील तर १२५ कोटी वर्षांनी पन्नास उरतील, आणखी १२५ कोटी वर्षांनी पंचवीस. पृथ्वी जन्मून साडेचार अब्ज वर्षे झाली. तेव्हा हे अणू आजच्या सुमारे बारा पट होते. त्यांच्या फुटण्याने निघणारी ऊब आणि युरेनियम, थोरियम ह्यांची ऊब मिळून पृथ्वीचे पोट आजही गरम ठेवण्यास हातभार लावीत आहे.

पोटॅशियम किरणोत्सारी आहे ही गोष्ट केंब्रिजच्या कॅम्बेल आणि वुड ह्या दोघांनी १९०६ च्या सुमारास दाखवून दिली. पण त्यातला नेमका कोणता अणू किरण सोडतो हे कळावयास पुढे तीस वर्षे लागली. अमेरिकेतील आल्फ्रेड नीअर ह्याने १९३५ साली चाळीस वजनाचा हा दुर्मिळ समस्थानिक शोधून काढला. त्याचे यंत्र समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढे पुन्हा पुन्हा त्याची गरज लागेल. अणूंना विजेचा भार द्यावयाचा, त्यांना वेगाने पळवावयाचे आणि वाटेत मोठे लोहचुंबक ठेवावयाचे. चुंबक सगळ्यांना वळवू पाहते. हलके अणू चटकन वळतात, जड अणू कमी वळतात. वळणावर सायकल आणि भरलेली बैलगाडी ह्यांची जी तऱ्हा, तीच येथे. शेवटी प्रत्येक वजनाचे अणू निरनिराळ्या ठिकाणी येऊन पडतात आणि तेथे ते मोजता येतात.

किती फुटतात, ह्याचा हिशेब साधा आहे. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदास सुमारे ३१ अणू फुटतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते. म्हणजे मी हे वाक्य बोलत असताना तुमच्यापैकी प्रत्येकाच्या शरीरात सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत आहेत, आणि त्यांतील शेकडोंचे गॅमा किरण शरीराबाहेर पडत आहेत. शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही, तुमचाही त्यात तेवढाच वाटा आहे. केळे खाल्ल्याने किरणोत्सर्ग वाढतो असे कोणी सांगत असते, तेही खरे नव्हे. शरीर पोटॅशियमचे प्रमाण ठरावीक राखते. जास्त आले तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत त्यांनी शहाळे आणि कमी सोडियमचे मीठ जपून घ्यावे असे डॉक्टर सांगतात, ते वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाच्या ठोक्यावर परिणाम होतो म्हणून. तेथे किरणांचा संबंध नाही.

हे आकडे मी हौसेने पाठ केलेले नाहीत. काही वर्षांपूर्वी एका बंदरात खताच्या पोत्यांनी भरलेली मालमोटार फाटकातून जाताना तेथले किरणोत्सर्ग टिपणारे यंत्र वाजले. आपल्या देशात पालाशयुक्त खत जवळजवळ सगळे परदेशातून येते, त्यामुळे बंदरावर त्याच्या राशी असतात. पोती उचलणाऱ्या कामगारांत बातमी पसरली की मालात अणुबॉम्बचे द्रव्य आहे. व्यवस्थापनाने सांगितले की काही नाही, यंत्र बिघडले आहे, कामाला लागा. कामगार लागले नाहीत. मी दोन दिवस वाचनालयात बसलो, एका महाविद्यालयातील प्राध्यापकांना भेटलो आणि मग गेटसभेत आकडे सांगितले. यंत्र बिघडलेले नव्हते. पन्नास किलोच्या एका पोत्यात सुमारे २६ किलो पोटॅशियम असते आणि त्यात सेकंदाला आठ लाख अणू फुटतात. संख्या दचकवणारी आहे. पण त्यांतील बहुतेक कण पोत्यातच अडतात, दहातला एक अणू तेवढा दूर जाणारा गॅमा किरण सोडतो, आणि अणूंच्या जगात आठ लाख ही किरकोळ संख्या आहे. माणसाला खडकांतून, आकाशातून, हवेतून आणि अन्नातून वर्षभरात जी नैसर्गिक किरणांची मात्रा मिळते, तिचा सुमारे चौदावा भाग त्याच्या स्वतःच्या अंगातील पोटॅशियमचा असतो. आहे ते किती आहे हे सांगितल्यावर माणसे कामाला गेली. ‘काही नाही’ ह्या उत्तरावर ती गेली नसती आणि जाऊही नये. पन्नास किलोचे पोते दिवसभर पाठीवर वाहून मणक्याचे जे होते आणि खताच्या धुळीने नाकाडोळ्यांचे जे होते, त्याच्या मानाने हे किरण काहीच नव्हेत. मागण्यांच्या यादीत मी हातमोजे, धुळीसाठी मुखपट्ट्या आणि एका पोत्याला दोन माणसे एवढे घातले. किरणोत्सर्ग-भत्ता घातला नाही, ह्याबद्दल काही मित्रांचा अजून राग आहे.

शरीरातले हे किरण वैद्यकास उपयोगी पडतात. पोटॅशियम मुख्यतः पेशींच्या आत असते, चरबीत जवळजवळ नसते. तेव्हा माणसाला जाड पोलादी भिंतींच्या खोलीत बसवून त्याच्या अंगातून निघणारे गॅमा किरण मोजले, तर त्याच्या अंगात चरबी वगळून मांस किती ते कळते. सुई नाही, औषध नाही. ह्याखेरीज अणुभट्टीत ४१ वजनाच्या पोटॅशियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून ४२ वजनाचा कृत्रिम समस्थानिक तयार करतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे साडेबारा तासांचे, म्हणजे काम झाले की दोनचार दिवसांत तो नाहीसा होतो. इंग्लंडातील हॉज्किन आणि कीन्स ह्यांनी १९५५ साली माकूलाच्या जाड मज्जातंतूवर हा समस्थानिक वापरला. आपल्या कोकणात माकूल जेवणात असते. शास्त्रज्ञांना ते प्रिय असण्याचे कारण असे की त्याचा मज्जातंतू माणसाच्या तंतूपेक्षा शेकडो पट जाड असतो. तंतूला विष घालून त्याची शक्ती निर्माण करण्याची क्रिया थांबवली की पोटॅशियम आत जाणे मंदावते, असे त्यांना दिसले. अर्थात पोटॅशियम आपोआप झिरपत नाही. पेशी श्रम करून ते आत ओढते. ४३ वजनाचा समस्थानिक काही काळ हृदयाची चित्रे घेण्यास वापरीत. नंतर त्याची जागा थॅलियमने घेतली. आणि निसर्गातला ४० वजनाचा अणू अमेरिकेतील बोल्डर येथे देबोरा जिन व ब्रायन डीमार्को ह्यांनी १९९९ साली निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळपर्यंत थंड करून पदार्थाची एक नवी अवस्था दाखविली. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

आता घड्याळ. ४० वजनाचा पोटॅशियम अणू फुटताना दोन वाटांपैकी एका वाटेने जातो. शंभरातले ८९ अणू एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकून कॅल्शियम होतात. उरलेले ११ अणू उलट करतात. स्वतःभोवती फिरणारा एक इलेक्ट्रॉन गिळून ते आर्गॉन वायू होतात. ८९ सोडून ११ च का मोजावयाचे, असा प्रश्न साहजिक आहे. कारण असे की खडकात कॅल्शियम आधीच भरपूर असते आणि त्यातले ९७ टक्के ४० वजनाचेच असते. त्यात नव्याने आलेले ओळखावयाचे म्हणजे समुद्रात ओतलेली घागर शोधावयाची. आर्गॉनचे तसे नाही. तो कोणाशी संयोग पावत नाही, कोणत्याही खनिजाचा घटक नाही. खडकात तो सापडला तर तो परका आहे, आणि बहुधा तेथेच जन्मलेला आहे.

ह्या आर्गॉननेच शास्त्रज्ञांना पूर्वी एक कोडे घातले होते. रॅले आणि रॅम्झे ह्यांनी १८९४ साली तो हवेत शोधला. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे, म्हणजे कर्बद्विप्राणिल वायूच्या वीसपटीहून अधिक. इतका आळशी आणि दुर्मिळ वाटणारा वायू एवढा आला कोठून? दुसरे असे की मेंडेलीव्हच्या कोष्टकात मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने मांडलेली; पण आर्गॉनचे वजन ३९.९ आणि पोटॅशियमचे ३९.१. वजनाप्रमाणे पोटॅशियम आधी यावयास हवे, गुणांप्रमाणे आर्गॉन आधी. गुणांना मान देऊन आर्गॉन आधी ठेवला, आणि १९१३ साली मोझ्लीने खरा क्रम केंद्रातल्या भाराचा, वजनाचा नव्हे, हे दाखविल्यावर ती मांडणी बरोबर ठरली. पण आर्गॉन एवढा जड का, हे राहिलेच. १९३७ साली फॉन वायत्सेकर ह्याने सुचविले की हा आर्गॉन पोटॅशियमचे अपत्य असावा. नीअर आणि त्याचा सहकारी आल्ड्रिच ह्यांनी १९४८ साली जुनी पोटॅशियमयुक्त खनिजे तापवून त्यांतला आर्गॉन काढला, आणि त्यात ४० वजनाचे अणू हवेतल्यापेक्षाही अधिक प्रमाणात निघाले. कोडे सुटले. आपण श्वासाबरोबर जो आर्गॉन घेतो त्यातला ९९.६ टक्के भाग अब्जावधी वर्षांत पृथ्वीच्या खडकांतील पोटॅशियमपासून तयार होऊन ज्वालामुखींवाटे व खडक झिजून वर आलेला आहे. सूर्यावरील आर्गॉन हलका आहे, कारण तो ह्या मार्गाने आलेला नाही.

जुन्या काळी लग्नमुहूर्तासाठी घटिकापात्र वापरीत. बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. पाणी ठरावीक गतीने आत शिरते. किती भरली ह्यावरून किती वेळ गेला ते कळते. ज्वालामुखीतून आलेला लाव्हा हे असेच पात्र. वितळलेल्या स्थितीत असताना त्यातला आर्गॉन वायूच असल्यामुळे निसटून जातो. पात्र रिकामे होते. लाव्हा थिजून दगड झाला की पोटॅशियम स्फटिकांत अडकते, आणि त्यातून पुढे जो जो आर्गॉन जन्मेल तो तो तेथेच कोंडला जातो. लाखो वर्षांनी तो दगड आपण निर्वात भांड्यात वितळवावयाचा, कोंडलेला आर्गॉन मोजावयाचा, पोटॅशियम मोजावयाचे, की वय मिळाले. मोजणे मात्र सोपे नव्हे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पोटॅशियम फार थोडे, हजार ग्रॅमात काही ग्रॅम. त्यातल्या ४० वजनाच्या दर हजार अणूंपैकी आजवर फुटले सुमारे ३६, आणि त्यांतले आर्गॉन झाले अवघे चार. एक ग्रॅम दगडातला हा सगळा आर्गॉन एकत्र केला तरी एका घनसेंटीमीटरचा दशलक्षांशही भरत नाही. तो नीअरच्या यंत्रानेच मोजावा लागतो.

घटिकापात्र खोटे केव्हा बोलते? सोडण्याआधी त्यात पाणी राहिले असेल तर. भरलेले पाणी मधेच गळून गेले तर. किंवा वरून पाऊस पडला तर. दगडाचेही हे तिन्ही प्रकार होतात. हवाई बेटावर १८००-०१ साली एक लाव्हा वाहिला. त्याने भूगर्भातून न वितळलेले काही दगड वर आणले होते. १९६८ साली त्या दगडांतला आर्गॉन मोजला, तर वये कोट्यवधी वर्षांची निघाली. पात्र रिकामे झालेच नव्हते. काही लोक हे उदाहरण देऊन सबंध पद्धतच खोटी ठरवू पाहतात. पण त्या संशोधकांनी ते मोजले ते हाच दोष समजून घेण्यासाठी. दुसरा दोष गळतीचा. दगड पुन्हा तापला, पाण्याने कुजला, तर आर्गॉन निसटतो आणि दगड आहे त्यापेक्षा तरुण दिसतो. तिसरा दोष हवेचा : बाहेरचा आर्गॉन दगडाच्या भेगांत शिरतो. ह्यावरचा उपाय मात्र नामी आहे. हवेतल्या आर्गॉनमध्ये ३६ वजनाचाही थोडा अंश असतो आणि त्याचे प्रमाण ठरलेले आहे; एकास सुमारे तीनशे. पोटॅशियम फुटून ३६ वजनाचा आर्गॉन कधीच होत नाही. म्हणून दगडात ३६ वजनाचे जेवढे अणू सापडतील त्यांच्या तीनशे पट अणू हवेचे म्हणून वजा करावयाचे.

पहिल्या दोन दोषांवर १९६६ साली मेरीह्यू आणि टर्नर ह्यांनी तोड काढली. दगड अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉन सोडले म्हणजे ३९ वजनाच्या पोटॅशियमचा काही अंश ३९ वजनाच्या आर्गॉनमध्ये बदलतो. हा आर्गॉन निसर्गात जवळजवळ नसतो, म्हणून तो पोटॅशियमचा प्रतिनिधी मानता येतो. मग पोटॅशियम वेगळे मोजावे लागत नाही. एकाच यंत्रात, एकाच कणातून निघालेले दोन आर्गॉन तोलले की काम भागते. खरा लाभ निराळाच आहे. दगड एकदम न वितळवता थोडाथोडा तापवावयाचा आणि प्रत्येक टप्प्याला निघालेल्या वायूचे वय वेगळे काढावयाचे. कडेला सैल बसलेला आर्गॉन आधी सुटतो, गाभ्यातला शेवटी. सगळ्या टप्प्यांनी एकच वय सांगितले तर साक्ष विश्वसनीय. टप्प्याटप्प्याला वय बदलू लागले तर काहीतरी गळले आहे किंवा आधीचे उरले आहे, हे दगड स्वतःच सांगतो. उलटतपासणीत साक्षीदार डगमगतो की नाही ते पाहावे, तसे हे आहे.

अशा पद्धतीची परीक्षा घ्यावयाची तर ज्याची तारीख इतिहासाने लिहून ठेवली आहे असा दगड हवा. इटलीत व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ मध्ये झाला आणि त्यात पाँपेई गाडले गेले; धाकट्या प्लिनीने त्याचे वर्णन लिहिले आहे. पॉल रेनी आणि सहकाऱ्यांनी त्या उद्रेकातल्या फेल्डस्पारच्या स्फटिकांचे वय काढून १९९७ साली प्रसिद्ध केले : १९२५ वर्षे, चूकभूल ९४ वर्षांची. खरे अंतर होते १९१८ वर्षांचे. ज्या घड्याळाचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे, त्याने दोन हजार वर्षांचा एवढा बरोबर हिशेब दिला.

ह्या घड्याळाने माणसाच्या इतिहासालाही धक्का दिला. पूर्व आफ्रिकेतील ओल्डुवाई घळीत मेरी लीकी ह्यांना १९५९ साली मानवसदृश प्राण्याची कवटी सापडली. तिचे वय सहा लाख वर्षे असावे असा तेव्हाचा अंदाज होता. बर्कलीच्या एव्हर्नडेन आणि कर्टिस ह्यांनी तेथल्या ज्वालामुखीच्या राखेतील आर्गॉन मोजला आणि १९६१ साली उत्तर आले साडेसतरा लाख वर्षे. मानवाच्या वंशवृक्षाला एका रात्रीत तिप्पट मुळे फुटली.

राखेची अशीच एक गोष्ट आपल्या पुणे जिल्ह्यात आहे, आणि ती अजून मिटलेली नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. राख इंडोनेशियाच्या बाजूने वाऱ्यावर आलेली. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने १९८९ साली तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले. पुढे सुधारलेल्या पद्धतीने १९९५ साली ते पावणेसात लाखांवर आले. इतर काही संशोधकांनी राखेतल्या काचेच्या कणांची रासायनिक घडण तपासून म्हटले की ही सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या मोठ्या उद्रेकाची राख, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. नदीने वाहून आणलेल्या राखेत जुने कण मिसळले की घड्याळाचा काटा मागे जातो. महाराष्ट्रात माणूस केव्हापासून वावरतो आहे, हा प्रश्न त्या एका पांढुरक्या थरात अडकून पडला आहे.

लोणारचे सरोवर आपण पाहिलेच असेल. आकाशातून पडलेल्या आघाताने झालेला १.८ किलोमीटर रुंदीचा तो खड्डा काळ्या कातळात आहे. पूर्वी दुसऱ्या एका पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आले होते आणि ते पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. २०११ साली जूर्दां आणि सहकाऱ्यांनी आघाताने वितळलेल्या दगडातील आर्गॉन टप्प्याटप्प्याने मोजला. वितळूनही त्या दगडात मूळ कातळाचा थोडा आर्गॉन उरला होता. तो वेगळा काढल्यावर वय आले सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे. आधीच्या आकड्याच्या दहापटीहून अधिक.

आणि शेवटी तो कातळच. दख्खनचा हा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. कार्ले, अजिंठा, वेरूळ त्यातच कोरली. घाटातून जाताना पायऱ्यांसारखे थर दिसतात आणि मधूनमधून तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन लाव्हांच्या मधल्या विसाव्यात वरचा दगड कुजून झालेली ही माती आहे. जुन्या पोटॅशियम-आर्गॉन मापांनी ह्या कातळाचे वय कित्येक कोटी वर्षांच्या पसाऱ्यात सांगितले होते, कारण आमच्या पावसाने कुजलेल्या, आधीच पालाश कमी असलेल्या दगडातून आर्गॉन गळलेला. १९८८ च्या सुमारास टप्प्याटप्प्याने तापविण्याच्या पद्धतीने पसारा आवरला आणि आकडा साडेसहा कोटींच्या आसपास स्थिरावला. वेंकटेशन, पांडे आणि गोपालन ह्यांनीही १९९३ साली ह्या वादात महत्त्वाचे काम केले.

वाद असा. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर आणि त्यांच्यासारखे असंख्य जीव नाहीसे झाले. त्याच वेळी मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे प्रचंड अशनी आदळला; तो आघात आणि तो विनाश ह्यांत सुमारे ३२ हजार वर्षांपेक्षा अधिक अंतर नाही, हे रेनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली आर्गॉनच्याच मोजमापाने दाखविले. आणि त्याच काळात आपल्या पायांखालचा लाव्हा वाहत होता, विषारी वायू ओकत होता. मारेकरी कोण? हे ठरवावयास लाव्हाचा कोणता थर आघाताच्या आधीचा आणि कोणता नंतरचा, हे हजारो वर्षांच्या अचूकतेने कळले पाहिजे. २०१९ साली दोन गटांनी उत्तरे दिली. एकाने आर्गॉनचे घड्याळ वापरले आणि म्हटले, लाव्हा जवळजवळ अखंड दहा लाख वर्षे वाहत होता आणि त्यातला बहुतांश आघातानंतर आला. दुसऱ्याने तांबड्या मातीच्या थरांतले झिरकॉनचे सूक्ष्म कण वेचून युरेनियमचे घड्याळ वापरले आणि म्हटले, लाव्हा चार मोठ्या लोंढ्यांत आला आणि त्यांतला एक आघाताच्या काही दहा हजार वर्षे आधीच सुरू झाला. ह्या लाव्हाथरांना भूशास्त्रज्ञांनी आपल्याच गावांची नावे दिली आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. दोन घड्याळांचे भांडण सध्या येऊन थांबले आहे ते पोलादपूर थरापाशी. विनाशाची रेषा त्याच्या तळाशी आखावयाची की माथ्याशी, ह्यावर.